माझा डबा परत पाठवा

करडी, ८ जून २०२५

मंगलाबाई यांना करडीच्या उषाचा जय भीम.

फोन तुम्ही उचलत नाही. पाचव्या वेळी व्याही परसरामजींनी उचलला आणि "ते बाहेर गेली" म्हणाले. मागे तुमच्या कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही "तीन" म्हणालात, ते मला स्वच्छ ऐकू आलं. असू द्या. पत्र तरी पोस्टमन दारात टाकून जातो, त्याला बाहेर गेली म्हणून सांगता येत नाही.

संबोधीचा रिपोर्ट आला, तो कळवायचा आहे. नात जेवढी माझी तेवढीच तुमची, म्हणून कळवते. बाकी काही मनात आणू नका.

जानेवारीत साकोलीला तुमच्या घरी ती जेवली आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. तुम्ही तिला उचलून अनवाणी दवाखान्यात पळालात, हे मी विसरलेली नाही. इंजेक्शन मिळालं, पोर वाचली. मी करडीहून पोचले तेव्हा ती शांत झोपली होती. तुमची रीना आत तिच्या उशाशी बसली होती. बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला जे बोलले ते चार लोकांत बोलले, आवाजही मोठा होता. तेवढं चुकलं असेल. पण तुमच्या ताटात अंड्याचा रस्सा होता हे खोटं नव्हतं, आणि आता ते कागदावरच आलं आहे.

ॲलर्जीच्या चाचणीसाठी नागपूरला दोन खेपा कराव्या लागल्या. पहिल्या खेपेला डॉक्टर मॅडमनी विचारलं, औषध काय चालू आहे? रीना म्हणाली, सर्दीचं सिरप. झालं, परत पाठवलं. ते औषध अंगात असलं की चाचणी नीट उठत नाही म्हणे, आठवडाभर बंद करून या. सिरप कोणी पाजलं होतं ते इथं लिहायची गरज नाही. दुसऱ्या खेपेला तिच्या पाठीवर पेनाने खुणा केल्या, एकेका खुणेजवळ एकेका पदार्थाचा थेंब ठेवला आणि थेंबातून बारीक टोक टोचलं. रक्त नाही, काही नाही. पोर रडली ती टोचलं म्हणून नव्हे, धरून ठेवलं म्हणून. पंधरा मिनिटांनी डास चावल्यासारखे फोड आले, ते सिस्टरने पट्टीने मोजले.

आकडे असे: दूध तीन मिलिमीटर, गहू तीन, चणा तीन, अंडं चार. शेंगदाणा शून्य, मासळी शून्य. आणखी एकदोन आहेत, ते सांगण्यासारखे नाहीत. सगळ्यात वर "हिस्टामिन पाच" असं काहीतरी लिहिलं आहे. ते कशात असतं हे अजून कळलं नाही, पण मी दुकानातले बिस्किटांचे पुडे उलटे करून बघते आहे, सापडेल.

निकाल समजावून सांगायला मॅडमनी पुढच्या गुरुवारी बोलावलं होतं. गुरुवारी माझी मोहाडीला मिटिंग. आणि समजावायचं काय त्यात? बावीस वर्षं अंगणवाडीत लेकरांच्या दंडाला कुपोषणाची पट्टी लावते आहे. हिरवं, पिवळं, लाल. आकडा बघितला की मला रंग कळतो.

तर अंडं चार. तुम्हीच काय ते समजा. रीनाही समजली आहे, म्हणून तर पाच महिन्यांत ती साकोलीला फिरकली नाही. मी तिला अडवलं असं समजू नका, ती स्वतःच जात नाही.

आणि माझा स्टीलचा डबा तुमच्याकडे राहिला आहे, झाकणावर "उ. रा." कोरलेला. आत काही उरलं असेल तर ते फेकून द्या आणि डबा परत पाठवा.

उषा रामटेके


करडी, ६ जुलै २०२५

मंगलाबाई,

उत्तर आलं नाही. डबाही आला नाही.

इकडे धानाचे रोवणे सुरू आहेत. सगळं गाव बांधीत, अंगणवाडीत लेकरं सकाळी सातलाच येऊन बसतात. आमचा सुगत पंचायत समितीतून सुट्टी काढून दोन दिवस चिखलात उतरला आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसला. तुमचा जावई आहे, हसायला हरकत नाही.

संबोधीचं जेवण मी आता शिस्तीत आणलं आहे. रिपोर्टाची झेरॉक्स काढून स्वयंपाकघरात चिकटवली आणि अंगणवाडीतल्या स्केचपेनांनी रंगवली. तीनला पिवळा, चारला नारिंगी, त्यापुढे लाल. एका ओळीवर लाल पेन जरा जास्तच दाबला गेला, आता तिथला आकडा वाचता येत नाही. दूध बंद, पोळी बंद, बेसन बंद, अंडं तर बंदच. मासळी शून्य होती, तरी म्हटलं कशाला उगाच धोका, तीही बंद. राहिलं काय? भात, तुरीचं वरण, लौकी, दोडका. "हिस्टामिन" अजून कुठल्याच पुड्यावर सापडलं नाही.

रीना एकदा म्हणाली, "आई, दूध तं ते पयलेपासून पेऊन रायली होती. कधी काई झालं नाई."

मी म्हटलं, "कागदावर पिवळं हाय ना? मंग?"

ती गप्प बसली. तुमची लेक गप्प फार बसते. हे तिने तुमच्याकडून घेतलं असावं.

पोर वाटी वाजवते. रिकामी वाटी आणि चमचा घेऊन दारात बसते आणि वाजवते. शेजारी चहा करतात, त्या वासाला तिकडे पळते. मी ओढून आणते. खोटं नाही सांगत, मला बरं वाटत नाही. पण जानेवारीतले तिचे सुजलेले ओठ डोळ्यांपुढे आले की माझे हात कडक होतात. तुमचेही होत असतील. तुम्ही तर ते सगळं पहिल्यांदा बघितलंत.

डबा पाठवा. साकोलीहून रोज माणसं भंडाऱ्याला येतात, कोणाच्याही हाती द्या. लहानसा डबा अडवून ठेवण्यात काय आहे?

उषा


करडी, १२ ऑगस्ट २०२५

मंगलाबाई,

हे पत्र मी अंगणवाडीत बसून लिहिते आहे. लेकरं गेली. पार्वताबाई, आमची मदतनीस, भांडी घासते आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

आज दंड मोजायचा दिवस होता. एकोणीस लेकरं मोजली. संबोधी माझ्या मागे मागे आलेली, तिथेच खेळत होती. पार्वताबाई म्हणाली, "बाई, घरच्या पोट्टीले बी लावा ना पट्टी. ते काय रजिस्टरात नाई काय?"

मी म्हटलं, "तिले कायले? ते अंगणवाडीत खात नाई."

"म्हनून तं म्हनून रायली."

लावली. मंगलाबाई, पट्टी पिवळ्यावर थांबली. बारा सेंटिमीटर आणि तीन रेषा. जूनमध्ये तेरा होतं, हिरव्यात होती. वजन केलं. जूनमध्ये नऊ किलो चारशे. आज आठ नऊशे.

बावीस वर्षांत मी किती आयांना दारात उभं करून बोलले असेन! "बाई, काय खाऊ घालतं लेकराले? पिवळ्यात आलं हाय ते." एकीला तर मी रडवलं होतं, ती दोन महिने माझ्याशी बोलली नव्हती. आज पिवळा दंड माझ्या घरातला निघाला, आणि त्याला खाऊ घालणारी मीच.

पार्वताबाईने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "लिहा." मी लिहिलं. संबोधी सुगत रामटेके, पिवळा. माझ्या अक्षरात.

नंतर तिनेच विचारलं, "त्या कागदावरचे आकडे तुमाले कोनं समजावले?" कोणी समजावलेच नव्हते. गुरुवारी मी मिटिंगला होते.

रीनाने आजच नागपूरला फोन करून नंबर लावला. २६ तारखेला जातो आहोत.

डब्याची घाई नाही.

उषा


करडी, २७ ऑगस्ट २०२५

मंगलाबाई,

या पत्रात लिहायचं ते मला सात महिन्यांपूर्वी तुमच्यासमोर बोलायला हवं होतं. तुम्ही पत्र फाडून टाकलंत तरी चालेल, पण आधी वाचून काढा.

काल नागपूरला गेलो. मी, रीना आणि संबोधी. मी रंगवलेला कागद बरोबर नेला होता. डॉक्टर मॅडमनी तो बघितला आणि आधी हसल्या. मग संबोधीचे पाय उचलून बघितले, वजन बघितलं, आणि हसणं थांबलं.

"हे रंग कोणी दिले?"

मी म्हटलं, "मी. अंगणवाडी सेविका आहे. दंडाची पट्टी लावतो ना आम्ही, तसं."

"ताई, तुमची पट्टी मूल आता कसं आहे ते सांगते. ही चाचणी तसं काही सांगत नाही. फोड आला म्हणजे एवढंच, की अंग त्या पदार्थाला ओळखतं आणि सावध आहे. खाल्ल्यावर त्रास होतो की नाही ते खाल्ल्यावर काय झालं यावरून ठरतं. कितीतरी मुलांना दुधाचा फोड येतो आणि ती रोज आरामात दूध पितात. ही पीत होती का?"

रीना म्हणाली, "हो मॅडम. जूनपर्यंत."

"मग बंद कशाला केलं?"

रीनाने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी एकेक ओळ समजावली. शून्य आलं तर बहुतेक वेळा निर्धास्त राहायचं. फोड जितका मोठा तितकी ॲलर्जी खरी असण्याची शक्यता जास्त, पण मोठ्या फोडाला मोठा त्रास आणि लहान फोडाला लहान, असा काही हिशेब नाही. मूल जे काही बिनत्रास खात होतं, ते नुसत्या फोडावरून काढून घ्यायचं नाही. उलट फार दिवस बंद ठेवलं तर अंगाची सवय मोडू शकते. मी हिस्टामिनचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तो पदार्थच नाही. चाचणी नीट चालते की नाही ते बघायला एक थेंब असा ठेवतात की तिथे फोड यायलाच हवा. दुसरा थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे येता कामा नये. म्हणजे मी तीन महिने करडीच्या किराणा दुकानात जे शोधत होते ते कुठल्याच पुड्यात मिळणार नव्हतं. दुकानदार मला वेडी समजत असेल.

मग त्यांनी पेन घेतला आणि विचारलं, "जानेवारीत त्या दिवशी हिने काय काय खाल्लं? चमचाभर असेल तेही सांगा."

रीना म्हणाली, "भात आन अंड्याचा रस्सा."

"अंडं त्याआधी खाल्लं होतं?"

"हो. दोन महिने झाले होते. हप्त्यातून दोनदा. काईच नाई झालं कधी."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "मग त्याच दिवशी अंड्याने एवढं कसं केलं? माझ्या नोंदीत तीळ नऊ मिलिमीटर आहे. ही ओळ लाल करून झाकली का आहे? तीळ खाल्ला होता का?"

रीना म्हणाली, "तीळ नवता मॅडम."

मी म्हटलं, "होता. माझ्या लाडवात होता."

मंगलाबाई, हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते मी सांगत नाही, कारण तुम्ही सात महिने त्याहून जड काहीतरी घेऊन बसला होतात. थंडीचे दिवस म्हणून तिळाचे लाडू मीच करून त्या डब्यात भरून रीनाच्या पिशवीत दिले होते. रीना न्हायला गेलेली असताना पोरीने डब्याकडे हात केला आणि तुम्ही तिला अर्धा लाडू दिलात. आजीनेच पाठवला होता, तुम्ही कशाला विचार कराल? दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "उषाबाई, तुमचा लाडू बी खाल्ला होता पोट्टीनं, डॉक्टरले सांगा." आणि मी ओरडले, "बावीस साल झाले लेकराईले खाऊ घालून रायली मी! माह्या लाडवाचं नाव घ्याचं नाई. तुमच्या अंड्यानंच झालं." लोक बघायला लागले. तुम्ही पदर तोंडाशी धरलात आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलात.

मला तेव्हाच कळलं होतं. तुमचं वाक्य ऐकलं त्याच क्षणी. तीळ तिने पहिल्यांदाच खाल्ला होता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? डबा मी मागत होते तो डब्यासाठी नव्हे. त्यातले उरलेले लाडू तुमच्या घरात राहू नयेत म्हणून मागत होते. रिपोर्टात तीळ नऊ वाचला, आणि तरी तुम्हाला लिहिलं काय, तर अंडं चार. रीनाला वाचून दाखवताना ती ओळ गाळली, आणि तिच्या हाती कागद जाण्याआधी लाल करून ठेवली.

येताना बसमध्ये रीना पोरीला घेऊन वेगळ्या बाकावर बसली. भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा म्हणाली, "आई, सात महिने झाले, मी माह्या आईसंग धड बोलली नाई." बस, एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या.

रात्री तिने तुम्हाला फोन केला, ते मला माहीत आहे. तिने विचारलं, मला का नाही सांगितलंस? तुम्ही जे म्हणालात ते तिने मला आज सकाळी सांगितलं: "ज्या घरी तुले राहाचं हाय, तिथच्या बाईचं नाव मी कायले घेऊ?"

मी हे वाक्य दिवसभर ऐकते आहे. माफी मागते, मंगलाबाई. हात जोडून मागते. व्हरांड्यात चार लोकांत बोलले, तर माफीही चार लोकांतच मागेन, तुम्ही म्हणाल तिथे.

उषा


करडी, १८ सप्टेंबर २०२५

मंगलाबाई,

उत्तराची वाट बघत नाही. फक्त पोरीचं कळवते, तिची बातमी तुमच्या हक्काची आहे.

दुधाचा पहिला कप मॅडमनी २६ तारखेलाच समोर बसवून पाजला. दोन तास थांबवून घेतलं. काही नाही. पोरीने कप उलटा करून बघितला, आणखी आहे का म्हणून. मग गहू आणि चणा ठरवून दिल्याप्रमाणे आले, मासळीही आली. परवा तिने झुणका खाल्ला आणि दोन्ही हात केसांना पुसले. आज वजन नऊ किलो दोनशे. दंड बारा सात, हिरवा. पार्वताबाईने रजिस्टरात हिरव्या पेनाने स्वतः लिहिलं, मला लिहू दिलं नाही.

भिंतीवरचा रंगीत कागद काढला. आता तिथे मॅडमच्या अक्षरातला एकच कागद आहे. वर लिहिलं आहे "तीळ नाही", आणि खाली चुकून खाल्ला गेला तर काय करायचं ते. ओठ सुजले, श्वास लागला, उलट्या झाल्या तर वाट बघायची नाही, घरगुती काही करत बसायचं नाही, सरळ दवाखाना आणि इंजेक्शन. त्याची एक प्रत गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला दिली आहे. दुसरी या पत्रात घातली आहे. तुमच्या भिंतीवर लावा. ती तिथेही येणार आहे, मी अडवणार नाही. आधी मीच अडवत होते. जूनमध्ये रीना स्वतःच जात नाही असं लिहिलं, तेही खरं नव्हतं.

घरातला तीळ सगळा बाहेर काढला. माझा वर्षाचा मसाला गेला, त्यात तीळ भाजून घातलेला होता. जवसाच्या चटणीतही मी मूठभर टाकायची, तीही गेली. इतक्या ठिकाणी तीळ असतो हे मला या वयात कळलं. मॅडम म्हणाल्या, दोनेक वर्षांनी पुन्हा बघू. काही मुलांचा जातो, बऱ्याच जणांचा राहतो. राहिला तर राहिला, पोर तिळाशिवायही मोठी होते.

अंडं तेवढं राहिलं आहे. जानेवारीपासून बंद आहे, म्हणून मॅडम ते घरी द्यायला नको म्हणतात. १० ऑक्टोबरला दवाखान्यात त्यांच्यासमोर थोडं थोडं करून द्यायचं. उकडलेलं अंडं घरून आणा म्हणाल्या.

मंगलाबाई, ते अंडं मी नेऊ शकत नाही. माझ्या हाताने ते नेणं बरोबर दिसत नाही. तुमच्या कोंबड्या अजून अंडी देतात ना?

उषा


करडी, ११ ऑक्टोबर २०२५

मंगलाबाई,

काल आपण पाच तास एका बाकावर बसलो, तरी हे पत्र लिहिते आहे. समोरासमोर मला बोलता येत नाही. आलं असतं तर जानेवारीतच आलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही आधीच बाकावर बसलेल्या होतात. साकोलीहून पहाटेची बस धरली असणार. मांडीवर माझा डबा, त्यावर दोन्ही हात. संबोधी तुम्हाला विसरली असेल अशी मला भीती होती. तिने तुमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि सरळ तुमच्या मांडीवर चढायला लागली. डब्याच्या आशेने चढली की तुमच्या, ते मला सांगता येणार नाही. रीना तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली तेव्हा मी पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

मॅडमनी विचारलं, "डबा स्वच्छ आहे ना? कशाचा आहे?" तुम्ही म्हणालात, "लाडवाचा होता मॅडम. तीन डाव राखेनं घासला, मंग साबनानं, मंग उकळत्या पान्यात टाकला. अंडे अलग गंजात उकडले. आमच्या घरी आता तीळच नाई." मॅडम म्हणाल्या, असं प्रत्येक घर असतं तर माझं काम अर्धं झालं असतं. ते तुम्ही बहुतेक ऐकलंच नाही, तुम्ही अंडं सोलत होतात.

मॅडमनी काट्यावर वजन करून मसुराच्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि विचारलं, कोण भरवणार? रीनाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साकोलीची आजी." तुमचा हात तिच्या तोंडाजवळ जाऊन थांबला. मी बघितलं आणि मी तुमचं मनगट धरलं. तुम्ही ते सोडवून घेतलं नाही. जानेवारीनंतर आपण एकमेकींना पहिल्यांदा शिवलो, ते असं.

पहिला तुकडा. वीस मिनिटं आपण दोघी तिच्या ओठांकडे बघत होतो. ती भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे. मग वाटाण्याएवढा. मग चमचाभर. मग बाकीचं. दर वेळी सिस्टर येऊन पाठ बघायची, छाती तपासायची. एकदा गालावर लाल दिसलं आणि मी सिस्टरला हाक मारली, तर तिनेच खाजवलेलं निघालं. शेवटचा घास झाल्यावर दोन तास बसायचं होतं. ती तुमच्या मांडीवर झोपून गेली. मॅडम आल्या, तिचं पोट, पाठ, गाल बघितले आणि म्हणाल्या, "अंडं खाऊ द्या हिला."

तेव्हा मी तुम्हाला विचारलं. पाच तासांत तेवढं एकच विचारलं. "मंगलाबाई, डबा इतके महिने काहून नाई पाठवला? मी किती डाव मागितला."

तुम्ही झोपलेल्या पोरीचा गुडघा चोळत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "रिकामा कसा पाठवू? आन भरून पाठवाव तं माह्या हातचं तुमच्या घरी चालत नवतं. म्हनून ठेवला."

मी डबा माझ्याकडे घेतला. बसमध्ये भंडाऱ्यापर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले होते. रीनाने विचारलं, "आई, जड झाला काय? मी पकडतो." आत एक अंडं होतं, तुम्ही घरी द्यायला म्हणून ठेवलेलं. आज सकाळी संबोधीने ते खाल्लं, माझ्या हाताने.

आता डबा माझ्याकडे आहे, आणि तो रिकामा परत यायचा नाही. नव्या धानाचे मुरमुरे फोडून आणले आहेत. गुळाच्या पाकात लाडू वळते आहे. रीना समोर पाटावर बसून बघते आहे. तिने मला विचारलं, "आई, गूळ कोनत्या दुकानातला? तिथं तिळाची चिक्की बी कापतात काय?" चार महिन्यांपूर्वी मला कोणी असं विचारलं असतं तर मी परात आपटली असती. मी उठले, दुकानात गेले आणि विचारून आले. नाही कापत.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी येतो. सुगत येईल की नाही ठाऊक नाही, त्याची कंबर अजून कुरकुरते आहे. संबोधीला आठ दिवस तुमच्याकडे ठेवून मी परत येईन. परसरामजींना सांगा, या वेळी बाहेर गेली म्हणू नका.

डबा संबोधीच्याच हातात असेल. उघडण्याआधी मला विचारा, काय काय घातलं आहे. मोठ्याने विचारा, चार लोकांत विचारा. मी एकेक करून सांगेन.

तुमची विहीण,
उषा